टिपणे कोणाच्या मालकीची?

(निर्मळ, ता. वसई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

या अभ्यासवर्गासाठी मला सुचविण्यात आलेला विषय ‘शिक्षण आणि विषमता’ असा आहे. विषय मोठा आहे आणि त्यावर आपण सर्वांनी पुष्कळ ऐकलेले आहे. शाळांचे खाजगीकरण, शुल्कवाढ, रिक्त पदे, अनुदानाचा प्रश्न यांवर ठराव करून आपण घरी जाऊ, आणि ते ठराव योग्यच असतील. परंतु आज मी या विषयाचा एक अगदी लहान तुकडा उचलणार आहे. तो असा की, विद्यार्थी ज्यांच्यावर परीक्षा देतो ती टिपणे, त्यांच्या भाषेत नोट्स, येतात कोठून, ती लिहितो कोण, विकतो कोण आणि ती कोणाला मिळत नाहीत?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने अर्थसंकल्पावर बोलावे, वह्यांवर काय बोलावे, असेही कोणी म्हणेल. पण अर्थशास्त्रातील मूळ प्रश्न एकच असतो : एखादी वस्तू कोणाच्या श्रमातून निर्माण होते आणि तिचा लाभ कोणाला होतो? हा प्रश्न धान्याला लावता येतो, कापडाला लावता येतो, तसाच तो टिपणांनाही लावता येतो. किंबहुना तो लावला की विषमतेचे जे चित्र आकडेवारीत धूसर दिसते ते एका वहीत स्वच्छ दिसू लागते.

वर्गाचा तिरस्कार

आपल्या प्राध्यापकवर्गात टिपणांविषयी आणि गाइडांविषयी एक ठरीव तिरस्कार आहे. ‘हल्लीची मुले मूळ ग्रंथ वाचत नाहीत, नोट्सवर जगतात’ हे वाक्य मी तीस-पस्तीस वर्षे प्राध्यापकांच्या खोलीत ऐकले. ते ऐकताना दर वेळी मला प्रश्न पडे की, मूळ ग्रंथ वाचावयाचा म्हणजे कोणत्या भाषेतला, कोणत्या किमतीचा आणि कोणत्या वेळात?

आपल्या या वसई तालुक्याचेच उदाहरण घ्या. येथे एक मूल घरी सामवेदी बोलते, दुसरे वाडवळी बोलते, पूर्वेच्या डोंगराकडील पाड्यावरचे तिसरे मूल वारली बोलते. शाळेत ही तिन्ही मुले प्रमाण मराठी शिकतात. म्हणजे पहिला भाषांतराचा डोंगर त्यांनी सहाव्या वर्षीच चढलेला असतो. बारावीनंतर महाविद्यालयात गेल्यावर वाणिज्याचे, विज्ञानाचे, पुष्कळदा अर्थशास्त्राचेही संदर्भग्रंथ इंग्रजीत असतात. हा दुसरा डोंगर. वडील भाजीची पाटी घेऊन किंवा फुलांचे गाठोडे घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला गेलेले, आई वाडीत, आणि स्वतः मुलगी सकाळचे कॉलेज आटोपून दुपारी कोठल्या तरी दुकानात हिशेब लिहिणारी. या मुलीच्या हातात वर्गमैत्रिणीकडून मागून आणलेली, झेरॉक्स केलेली चाळीस पाने असतात. त्या चाळीस पानांना आपण तुच्छतेने ‘नोट्स’ म्हणतो. तिच्या दृष्टीने तो दोन डोंगरांमधला एकमेव साकव आहे.

ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, ज्याचे आईवडील रात्री शेजारी बसून समजावून देऊ शकतात, त्याला टिपणांची गरज कमी असते. कारण त्याच्या घरातले संभाषण हेच त्याचे टिपण असते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ते घरात मिळत नाही. ते त्याला बाहेरून मिळवावे लागते, बहुधा विकतच घ्यावे लागते. म्हणून टिपणांचा तिरस्कार हा वरवर विद्वत्तेचा वाटला तरी आत तो वर्गाचा तिरस्कार असतो. या गैरसमजाचे ओझे उतरवून मगच आपण पुढे जाऊ.

हा जुना झगडा आहे

परभाषेतील ज्ञान लोकांच्या भाषेत थोडक्यात आणून ठेवणे हा उद्योग महाराष्ट्रात आजचा नाही. लोकहितवादींनी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्रावरील पुस्तक मराठीत आणले. इंग्रजी पुस्तकाच्या आधारे केलेले ते काम होते. आज आपण ज्याला विषयाचे सुबोध टिपण म्हणू, त्याच जातीचे ते होते. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. म्हणजे विद्यापीठ येण्यापूर्वीच मराठीत अर्थशास्त्र आले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

महात्मा फुले यांनी १८५५ साली शेतकरी आणि कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्यात नेमका अर्थशास्त्राचा प्रश्न विचारला. सरकारी महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून. मग तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा न्याय कोणता? शिक्षणाचा खर्च कोण सोसतो आणि फळ कोण खातो, हा हिशेब इतक्या स्वच्छ शब्दांत मांडणारा पहिला अर्थशास्त्रज्ञ मी जोतीरावांनाच मानतो.

योगायोग पाहा. त्याच १८८२ साली येथून हाकेच्या अंतरावरील सोपाऱ्याला पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला होता, आणि पुढे १९५६ साली आपल्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. या लेखांची भाषा संस्कृत नाही, लोकांची प्राकृत आहे. राजाला जे सांगावयाचे होते ते त्याने लोकांच्या भाषेत, थोडक्यात आणि सर्वांना पाहता येईल अशा दगडावर लिहून ठेवले. बावीसशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर जे तत्त्व मान्य होते ते आज विद्यापीठाला पटवून द्यावे लागते, ही आपली प्रगती!

स्वातंत्र्यानंतर, आणि विशेषतः १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर, काही काळ असे वाटले होते की हे काम आता राज्य करील. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, स्थापन झाले. त्यापूर्वी खाजगी प्रकाशकांच्या हाती असलेले शालेय पुस्तक सार्वजनिक मालकीचे झाले. राज्यातील सर्व मुलांच्या हाती एक पुस्तक, तेही स्वस्त. त्याच वर्षी सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. प्रादेशिक भाषांत विद्यापीठीय ग्रंथ व्हावेत म्हणून केंद्र सरकारने त्या काळात राज्यांना पैसा दिला, आणि नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवीच्या अनेक विषयांचे ग्रंथ मराठीत काढले. भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले. पुढे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आले आणि राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली त्याने स्वतः वाचून शिकता येतील अशी मराठी पुस्तके तयार केली. धड्याच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये स्वतःला तपासण्याचे प्रश्न, शेवटी उत्तरे. कामावर जाणाऱ्या माणसाने शिक्षकाशिवाय कसे शिकावे याचा एवढा पद्धतशीर विचार मराठीत त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

ही यादी मी अभिमानाने सांगतो; पण त्यातील रिकामी जागाही दाखवितो. शाळेचे पुस्तक सार्वजनिक झाले, परंतु त्या पुस्तकापासून परीक्षेपर्यंतची वाट सार्वजनिक झाली नाही. ती वाट बाजाराच्या ताब्यात राहिली.

टंचाई निर्माण करण्याचे शास्त्र

गाइड, डायजेस्ट, ‘अपेक्षित’ प्रश्नसंच यांची बाजारपेठ कशी उभी राहते हे समजून घ्या. या मालाला स्वतःची अशी मागणी नाही. प्रश्नपत्रिका ज्या पद्धतीने काढली जाते तिच्यातून ही मागणी जन्माला येते. प्रश्न जितका ठरीव, तितके ठरीव उत्तर विकणे सोपे. ‘अपेक्षित’ हा शब्दच पाहा! आपल्या परीक्षापद्धतीवर याहून बोचरी टीका कोणत्याही आयोगाने केलेली नाही. परीक्षेत काय येणार हे एक प्रकाशक शिक्षणमंडळाबाहेर बसून सांगू शकतो, याचा अर्थ परीक्षा ज्ञान तपासत नाही, सवय तपासते.

मी प्रकाशकांना खलपुरुष ठरवू इच्छित नाही. स्वस्त गाइडाने खेड्यातल्या कित्येक मुलांना दहावीच्या पलीकडे नेले आहे, हे कोणीही नाकारू नये. जेथे गणिताचा शिक्षकच नव्हता तेथे सोडवून दाखविलेली उदाहरणे हाच शिक्षक होता. गाइड निदान दुकानात मिळते; पैसे टाकले की कोणालाही मिळते, आणि जुने झाले की अर्ध्या किमतीत धाकट्याला मिळते.

खरी अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर सुरू होते. क्लासची छापील टिपणे दुकानात मिळत नाहीत. ती फक्त शुल्क भरणाऱ्याला मिळतात, आणि पुष्कळदा त्यांच्या प्रत्येक पानावर ‘बाहेर देऊ नये’ असे बजावलेले असते. अर्थशास्त्रज्ञाला येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. भाकरी मी खाल्ली तर ती तुम्हाला उरत नाही. टिपण मी वाचले तर तुमच्यासाठी ते जसेच्या तसे शिल्लक राहते. एकदा लिहिले की दुसरी प्रत काढावयाचा खर्च जवळजवळ शून्य. अशा वस्तूची नैसर्गिक टंचाई असूच शकत नाही. म्हणून तिला किंमत यावयाची तर टंचाई मुद्दाम निर्माण करावी लागते, कुंपण घालावे लागते. गावची गायराने कुंपणात गेली तेव्हा आपण लढलो. ज्ञानाची गायराने कुंपणात जात आहेत, तेव्हा मात्र आपण मुलांच्या शुल्काचे हप्ते भरीत बसलो आहोत.

केंद्र सरकारच्या २०२५ सालच्या शिक्षणविषयक नमुना पाहणीत असे आढळले की देशातील सुमारे २७ टक्के शालेय विद्यार्थी खाजगी शिकवणी घेत होते, शहरांत ३०.७ टक्के आणि ग्रामीण भागात २५.५ टक्के. त्यावर होणारा सरासरी वार्षिक खर्च शहरात विद्यार्थ्यामागे ३,९८८ रुपये आणि ग्रामीण भागात १,७९३ रुपये. हे सरासरीचे आकडे आहेत. शिकवणी न घेणारे बहुसंख्य त्यात मिसळलेले आहेत. प्रत्यक्ष शुल्क भरणाऱ्या कुटुंबाचा बोजा कितीतरी अधिक असतो, हे आपण आपापल्या घरांतून जाणताच. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. टिपणे आणि इतर साहित्य प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला वेगळे पैसे न घेता द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. चांगले आहे. परंतु ज्याने प्रवेशच घेतला नाही त्याचे काय, हा प्रश्न त्या सूचनांच्या कक्षेत येत नाही. तो आपल्या कक्षेत येतो.

आता महाविद्यालयांकडे पाहा. नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला विषय, कौशल्याचा विषय, मूल्यशिक्षणाचा विषय अशी सहा महिन्यांना नवी यादी विद्यार्थ्यापुढे येते. विविध विषयांची ओळख व्हावी हा हेतू मी वाईट मानीत नाही. पण इतक्या विषयांची मराठी पुस्तके आहेत कोठे? आणि ती शिकवावयाची कोणी? हजारो पदे रिक्त आहेत आणि वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या जिवावर. ही शिकलेली तरुण माणसे सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी तास घेतात. सुटीच्या महिन्यांत त्यांना मानधन नसते. टिपण तयार करावयास निवांतपणा लागतो. ज्याला पुढच्या सत्राची शाश्वती नाही, तो विषयाचे टिपण कोणत्या उमेदीने करील? अशा रीतीने शिक्षकाचे शोषण आणि विद्यार्थ्याची उपासमार या एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरतात. आणि मधल्या पोकळीत बाजार शिरतो.

दिल्लीच्या झेरॉक्स दुकानाची गोष्ट

कुंपण तोडता येते काय? येते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी नावाचे एक झेरॉक्सचे दुकान होते. प्राध्यापकांनी नेमून दिलेली निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणे एकत्र करून तेथे विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या जगड्व्याळ प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थी आणि शिक्षक स्वस्थ बसले नाहीत; त्यांच्या संघटना या दाव्यात स्वतःहून उतरल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने प्रश्नाच्या काही भागाची पुन्हा तपासणी आवश्यक मानली. पण शिकविण्याच्या ओघात आणि शिकविण्यास आवश्यक तेवढी नक्कल करण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ वाव देते, हे तत्त्व कायम राहिले. २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

या निकालाचा अर्थ हवे ते पुस्तक छापून वाटा असा नाही. लेखकाचेही श्रम असतात आणि त्याच्या श्रमांचा मान आपण राखलाच पाहिजे. अर्थ इतकाच की, कायद्याने विद्यार्थ्यासाठी एक दार उघडे ठेवले आहे. दुसरेही एक दार आहे आणि ते अधिक मोठे आहे. कॉपीराइट असतो शब्दांच्या मांडणीवर. विचारावर, नियमावर, सिद्धांतावर कोणाचाही कॉपीराइट नसतो. एखादा सिद्धांत वाचून, समजून, स्वतःच्या शब्दांत लिहिण्यापासून कोणतीही कंपनी आपल्याला अडवू शकत नाही. अडवितो तो फक्त आपला आळस.

कोरे पान पुरत नाही

येथे मी आपल्याच, म्हणजे कार्यकर्त्यांच्या, एका प्रिय कार्यक्रमाकडे वळतो. जून महिना आला की गावोगाव वह्यावाटप होते. सर्व पक्ष करतात, आपणही करतो. वहीच्या मुखपृष्ठावर नेत्याचे छायाचित्र, मागील पानावर स्थानिक कार्यकर्त्यांची नावे. गरीब मुलाला वही मिळते हे चांगलेच आहे. परंतु त्या कोऱ्या वहीत पुढे काय लिहिले जाते, हे डिसेंबरमध्ये जाऊन पाहणारा कार्यकर्ता मला अजून भेटावयाचा आहे.

राज्य सरकारनेही असाच एक प्रयोग केला. मार्च २०२३ मध्ये निर्णय झाला की दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच धड्यांना जोडून कोरी पाने द्यावयाची. त्या पानांना नाव दिले होते ‘माझी नोंद’. दप्तराचे ओझे कमी व्हावे, वह्या घेणे ज्यांना परवडत नाही त्यांची सोय व्हावी, आणि वर्गात जे समजले ते मुलाने लगेच टिपून ठेवावे, असे हेतू होते. हेतूत खोट काढण्यासारखे काही नव्हते. ‘माझी नोंद’ हे शब्दही सुंदर होते. परंतु मुले या पानांबरोबर वेगळ्या वह्याही आणीतच राहिली, पानांचा उपयोग अपेक्षेप्रमाणे झाला नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने निर्णय मागे घेतला. माझ्या मते याचे कारण साधे आहे. कागद देता येतो; नोंद करणे शिकवावे लागते. फळ्यावरचे उतरवून घेणे म्हणजे नोंद नव्हे. पाठ्यपुस्तक कोऱ्या पानांनी जाड झाले, पण मुलाला ‘तुला यातले काय समजले ते लिही’ असे म्हणावयास आणि त्याने लिहिलेले वाचावयास सवड असलेला शिक्षक त्या पानांबरोबर आला नाही.

टिपण म्हणजे काय?

तेव्हा चांगले टिपण कशाला म्हणावे हे थोडे सविस्तर सांगतो, कारण उद्या हे काम आपल्याला करावयाचे आहे. प्रत्येक विषयाचे टिपण वेगळ्या घडणीचे असते.

अर्थशास्त्रात ‘मागणीची लवचिकता’ ही संज्ञा आहे. तिची व्याख्या पाठ करणारे हजारो निघतील. टिपणात व्याख्येखाली आपल्या गावचे उदाहरण आले पाहिजे. दसऱ्याला झेंडू कितीही महागला तरी दादरच्या बाजारात तो खपतोच. पण त्याच आठवड्यात भाजी महागली तर गिऱ्हाईक दुसऱ्या भाजीकडे वळते. फुले आणि भाजी मुंबईला नेणाऱ्या वसईच्या माणसाला ही लवचिकता पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. त्याच्या मुलीला मात्र ती इंग्रजी पुस्तकातून, अमेरिकेतल्या मोटारगाड्यांच्या उदाहरणाने शिकावी लागते. उदाहरण बदलले की विद्यार्थिनीला प्रथमच असे वाटते की हा विषय आपल्या घरातला आहे.

इतिहासाच्या टिपणात सनावळीपेक्षा कार्यकारण हवे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगिजांकडून वसई घेतली, हे एका ओळीचे काम. त्यापुढे, किल्ल्याला समुद्राकडून रसद मिळत असता वेढा यशस्वी कसा झाला, आणि आपल्याला हे कशावरून कळते, असे दोन प्रश्न लिहिलेले हवेत. विज्ञानाच्या टिपणातील आकृती स्वतःच्या हाताने काढलेली हवी. छापील आकृती डोळ्यांना कळते, काढलेली आकृती हाताला कळते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी खारे का होते, गोड्या पाण्याचा उपसा वाढला की समुद्राचे पाणी जमिनीखालून आत कसे सरकते, हे दोन रेघांच्या आकृतीने येथील मुलाला जितके समजेल तितके दहा पानांनी समजणार नाही. गणिताच्या टिपणात बरोबर उत्तरापेक्षा चुकलेली पायरी अधिक मोलाची : ‘येथे चिन्ह बदलावयाचे राहिले’ ही एक ओळ मागून येणाऱ्या दहा जणांचा वेळ वाचविते. आणि भाषेच्या टिपणात कवितेचा तयार ‘भावार्थ’ तर मुळीच नको. कठीण शब्द, संदर्भ आणि वाचणाऱ्याला पडलेले प्रश्न एवढेच पुरे.

सर्व विषयांना समान असे दोनच नियम. मजकूर मराठीत असावा आणि प्रत्येक पारिभाषिक शब्दाशेजारी परीक्षेत लागणारा इंग्रजी शब्दही असावा. म्हणजे मुलगा दोन्ही तीरांवर उभा राहू शकेल. आणि हे कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरून घेतले ते लिहिलेले असावे, म्हणजे टिपण पुस्तकाकडे नेणारा रस्ता होईल, पुस्तकापासून पळून जाण्याचा नव्हे.

आता कोणी म्हणेल, मोबाईलवरचे यंत्र आज कोणत्याही विषयाचे टिपण क्षणात लिहून देते, मग ही यातायात कशाला? यंत्राचा उपयोग जरूर करावा. परंतु त्याने आत्मविश्वासाने लिहिलेले चूक की बरोबर हे ज्याला मुळात विषय येतो त्यालाच ओळखता येते. म्हणजे पुन्हा ज्याच्या घरी ज्ञान आहे त्यालाच यंत्र अधिक देणार. शिवाय, टिपणाचा पहिला लाभ ते लिहिणाऱ्याला होतो. वाचलेले मनात मुरते ते लिहिताना. लिहिण्याचे श्रम यंत्राला दिले की शिकणेही त्यालाच देऊन टाकल्यासारखे होते.

आपण काय करावे

माझी सूचना मर्यादित आहे. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा हजारांच्या घरात आहेत. त्यातील आपल्या गावच्या वाचनालयात एक कपाट मागून घ्यावे. त्यात त्या भागातील विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेली टिपणे विषयवार ठेवावीत. लिहिणाऱ्याचे नाव आणि वर्ष त्यावर असावे, नेत्याचे छायाचित्र नसावे. दर विषयाला एक वरच्या वर्गातील विद्यार्थी जबाबदार असावा आणि एका निवृत्त शिक्षकाने ती टिपणे तपासावीत. आपल्या तालुक्यात निवृत्त शिक्षकांची वाण नाही. टिपण घेऊन जाणाऱ्याने पैसे द्यावयाचे नाहीत; वर्षाअखेरीस त्याने त्यात आपली भर घालून ते परत करावयाचे, एवढीच त्याची वर्गणी. पाने मोबाईलवर टिपून पाड्यापाड्यावर पाठविता येतील ती वेगळी.

हे सहकाराचेच तत्त्व आहे. ज्याने काढले त्याची मालकी, ज्याला हवे त्याला वापर, आणि नफा कोणालाच नाही. पहिल्या वर्षी टिपणे ओबडधोबड असतील. दुसऱ्या वर्षी त्यांतील चुका कोणीतरी दुरुस्त करील. पाचव्या वर्षी ती बाजारातल्या टिपणांपेक्षा चांगली होतील, कारण बाजारातले टिपण लिहिणाऱ्याला वाचणारा कधीच भेटत नाही आणि आपल्या कपाटापुढे ते दोघे शेजारी शेजारी उभे असतील.

यामुळे सरकारची जबाबदारी संपते असे मात्र कोणी समजू नये. रिक्त पदे भरा, तासिका तत्त्वावरील शिक्षकांना बारा महिन्यांचे वेतन द्या, पदवीच्या प्रत्येक विषयाचे पुस्तक मराठीत काढा आणि सार्वजनिक पैशातून झालेले सर्व अभ्याससाहित्य सर्वांना खुले ठेवा, या मागण्या आपण करीतच राहिले पाहिजे. बालभारतीची पुस्तके आणि मराठी विश्वकोश आज कोणालाही विनामूल्य वाचता येतात. मग पदवीच्या विद्यार्थ्यानेच काय पाप केले आहे? मात्र कपाट भरण्यासाठी त्या मागण्या मान्य होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. उलट ज्या गावात असे एक कपाट भरलेले असेल त्या गावच्या मागणीला अधिक वजन येईल, कारण मग आपण काय मागतो आहोत हे हातात धरून दाखविता येईल.

येत्या जूनमध्ये वह्यावाटप अवश्य करा. पण वही देताना त्या मुलाला किंवा मुलीला सांगा की, मार्चमध्ये ही भरलेली वही पाहावयास आम्ही पुन्हा येणार आहोत, आणि तुझ्यामागून येणाऱ्यासाठी ती मागून नेणार आहोत. आणि मग, मित्रहो, मार्चमध्ये खरोखरच जा.